भद्र शब्दांच्या आड

नागपूरहून बल्लारशाच्या गाडीने निघावे, वरोरा मागे पडावे, की एक स्टेशन येते. गावाचे नाव भद्रावती. पाटीवर मात्र भांदक. नवखा प्रवासी दारात घुटमळतो, गावकऱ्यांना त्यात काही वाटत नाही. तिथला दारूगोळ्याचा कारखानाही अजून चांदा हेच जिल्ह्याचे जुने नाव लावतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४चा, म्हणजे इ. स. ७७२चा ताम्रपट अभ्यासकांत ‘भांदकचा ताम्रपट’ म्हणूनच ओळखला जातो. ही दोन नावे मुळात एकच असावीत. भद्र, त्याला स्थळवाचक क, प्राकृताच्या तोंडी ‘द्र’चा ‘द्द’, आणि मराठीत येता येता आधीच्या स्वरावर अनुस्वार: भद्रक, भद्दक, भांदक. एक नाव देवळातले, दुसरे वापरून झिजलेले.

भद्र म्हणजे शुभ. आपला ‘भला’ याच घराण्यातला, हे बहुतेक व्युत्पत्तिकारांना मान्य दिसते. पण ‘भादरणे’सुद्धा त्याच घरचे, हे सांगितले की लोक हसतात. संस्कृतात डोक्याचे केस काढण्याला भद्राकरण म्हणत. पाणिनीच्या परंपरेतले वैयाकरण या रूपाची मुद्दाम नोंद घेतात. डोके बोडके करणे ही कृती अशुभाशी जोडलेली, म्हणून तिला नाव दिले असावे ‘शुभ करणे’. पंचांगातल्या विष्टी करणाला, ज्यात कोणतेही मंगलकार्य करू नये, त्यालाही नाव ‘भद्रा’. जे उच्चारायला नको त्यावर भद्र शब्दाचे पांघरूण घालायचे, ही खोड मराठीने आपल्या संस्कृत आजीकडूनच उचलली. आपण दिव्याला निरोप देतो, बांगडी वाढवतो, दुकान वाढवतो; अंगावर फोड आणणाऱ्या रोगाला तर ‘देवी’ म्हणून मोकळे झालो.

या पांघरुणाखाली काय काय दडते हे पाहण्यासाठी आज एक अवघड जागा निवडली आहे: लहान मुलग्यांच्या वृषणात होणारा लसिकेचा कर्करोग. डॉक्टर त्याला टेस्टिक्युलर लिम्फोमा म्हणतात. रोग अतिशय विरळा, पण त्याच्या नावातला एकेक शब्द इतका प्रवासी, की पाठलाग केल्याशिवाय राहवत नाही.

आधी जागेचे नाव. सर्वांत जुने आणि सरळ ते ‘आंड’. वेदकालीन ‘आण्ड’ या शब्दात पक्ष्याचे अंडे आणि पुरुषाचा अवयव दोन्ही अर्थ नांदतात. रशियनमध्ये ‘यद्रो’ म्हणजे गर, गाभा, अणुकेंद्र. तो आपल्या ‘आण्ड’चा दूरचा भाऊ असावा असे काही भाषाविद मानतात. मराठीने यातून तीन लेकरे वेगळी वाढवली. ‘अंडे’ स्वयंपाकघरात गेले, ‘ब्रह्मांड’ कीर्तनात गेले, आणि ‘आंड’ बिचारे गोठ्यात राहिले. न ठेचलेल्या बैलाला आंडील म्हणत, त्यात कुणाला लाज वाटत नसे. जनावराबद्दल बोलताना चालणारा शब्द घरात आला की शिवी होतो, हे त्या शब्दाचे नशीब.

घरासाठी मग ‘वृषण’ आणला. धातू ‘वृष्’, म्हणजे वर्षाव करणे. वर्षा, वृष्टी, वृषभ हे त्याचे सोयरे. ऋग्वेदात इंद्राला ‘वृषन्’ म्हटले, त्यात पाऊस पाडणारा आणि पौरुषाने भरलेला हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. शब्द इतका उंच, की पाचवीतला मुलगा तो घरी उच्चारणारच नाही.

अमरकोशात तिसरा शब्द येतो, ‘मुष्क’, आणि त्याची कथा सर्वांत सुवासिक. ‘मूष’ म्हणजे उंदीर. ‘मुष्क’ म्हणजे उंदरुला. आकारावरून पडलेले लाडके नाव असावे. हाच शब्द इराणात जाऊन ‘मुश्क’ झाला, म्हणजे कस्तुरी, कारण कस्तुरीमृगाची ती पिशवी दिसायला तशीच. तिथून तो ग्रीक-लॅटिनमार्गे युरोपभर ‘मस्क’ म्हणून दरवळला. लॅटिनमध्येही उंदरुल्यावरून ‘मुस्कुलुस’ झाला आणि त्याचा ‘मसल’ होऊन आज व्यायामशाळेत फुगतो. दोन दूरच्या भाषांना त्वचेखाली हलणाऱ्या गोष्टीत उंदीरच दिसावा, याची मौज वाटते.

अरबीत या अवयवाला ‘खुस्या’. ज्याचा तो काढला तो ‘खसी’. हिंदी पट्ट्यात खस्सी म्हणजे ठेचलेला बोकड. आपल्याकडे तो शब्द ‘खच्ची’ होऊन आला असे दिसते. आज अग्रलेख लिहिणारे सभ्य संपादक ‘कार्यकर्त्यांचे खच्चीकरण’ असे बिनदिक्कत लिहितात. आपण नेमके काय कापले म्हणतो आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. मूळ विसरले की अभद्र शब्दही भद्र होतो. याच ‘खुस्या’चा आणखी एक प्रवास वैदूच्या पोतडीतून. शक्तिवर्धक म्हणून विकली जाणारी सालम मिसरी म्हणजे ऑर्किडच्या कुळातल्या वनस्पतीचे कंद. अरब त्यांना ‘कोल्ह्याचे आंड’ म्हणत. त्यातला कोल्हा, ‘सालब’, तेवढा उरला आणि पुढचे गळाले. ग्रीकांनाही त्या जोडकंदांत तेच दिसले होते: ‘ऑर्किस’ म्हणजे वृषण. लग्नाच्या हॉलमध्ये नवरीच्या हाती ऑर्किडचा गुच्छ असतो, आणि शस्त्रक्रियागृहात वृषण काढण्याला ऑर्किडेक्टमी म्हणतात. दोन्हीकडे शब्द एकच.

राहिला ‘टेस्टिस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ साक्षीदार. पौरुषाचा साक्षी, अशी उपपत्ती सांगतात. त्याच्याही मागे गेले तर ‘तिसरा उभा असलेला’ अशी घडण दिसते. त्यात आपले ‘त्रि’ आणि ‘स्था’ दोन्ही ओळखू येतात. भांडणात दोन पक्षांखेरीज जो तिसरा, तो साक्षी. मराठी त्याला तिऱ्हाईत म्हणते. शरीराने पोटाबाहेर काढून ठेवलेल्या या तिऱ्हाइताला याहून चपखल नाव सुचवता येणार नाही.

एवढी नावे असूनही दहा वर्षांच्या पोराजवळ कोणते? ‘गोळी’ किंवा ‘गोटी’. आणि सुजेचे नाव? सुश्रुताने निदानस्थानात सात प्रकारच्या ‘वृद्धी’ सांगितल्या. त्यांतली मूत्रवृद्धी म्हणजे आपले हायड्रोसिल आणि अंत्रवृद्धी म्हणजे आपला अंतर्गळ. ‘वृद्धी’ हाही पांघरुणाचाच शब्द. घरात मूल जन्मल्यावर पाळतात त्या सोयरालाही वृद्धी म्हणतात. वाढ झाली, बरे झाले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात या शब्दाला वेगळे वजन आहे. हे हत्तीरोगाचे जिल्हे. डासाने सोडलेला सुतासारखा जंत लसिकेच्या वाहिन्यांत घर करतो. कुणाचा पाय सुजतो, कुणाची अंडवृद्धी होते. त्यामुळे ‘तिथली’ सूज म्हटली की ‘पाणी भरलं’ हे निदान ओट्यावरच होते. मोठ्यांच्या अनुभवाची सावली पोरांवर पडत असावी. मुलांमध्येही जन्मजात हायड्रोसिल पुष्कळ आढळते आणि बहुतेक वेळा सूज खरोखर पाण्याचीच असते. पण एखाद्या वेळी नसते. अंधारात मागून विजेरी धरली तर पाण्याची सूज लालसर उजळते, भरीव गाठ काळीच राहते. गाठीच्या भोवतीही पाणी साचू शकते, म्हणून शेवटचा निवाडा सोनोग्राफीचा. आणि लिम्फोमात गाठ बहुधा दुखत नाही, हीच मोठी फसगत. अवघड जागी दुखणे नि जावई वैद्य, अशी आपली म्हण आहे; जिथे दुखणेच नाही तिथे जावई काय नि वैद्य काय, सांगणार कोणाला?

आता ‘गाठ’. ग्रंथि, गंठि, गाठ. धातू ‘ग्रथ्’, ओवणे, बांधणे. त्याच धातूचा ‘ग्रंथ’, म्हणजे दोऱ्याने बांधलेली पाने. इथून तेलंगण दूर नाही, आणि तेलुगूत गाठीला ‘गड्ड’ म्हणतात. आपल्या कांद्या-लसणाचा ‘गड्डा’ त्या बाजूने आलेला असावा. जमिनीखाली लपून फुगणारी वस्तू शरीरातही तशीच फुगते, हे शेतकऱ्याचे निरीक्षण. संस्कृत ‘गंड’ आणि मानेच्या गाठींची ‘गंडमाळा’ हेही याच परिसरात कुठेतरी घोटाळताना दिसतात.

सुश्रुत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड हे एकाच अध्यायात हाताळतो. यातला ‘अर्बुद’ हा शब्द आज वैद्यकीय मराठीत ट्यूमरसाठी ठरला आहे. त्याचे पूर्वायुष्य मात्र थरारक. वेदात अर्बुद हा इंद्राने चिरडलेला शत्रू, आणि ब्राह्मणग्रंथांत तो कद्रूचा मुलगा, म्हणजे नाग. पुराणात तो पर्वत, आजचा अबू. बौद्धांच्या गर्भवर्णनात अर्बुद ही कलल आणि पेशी यांच्या मधली अवस्था. भद्रावतीत भद्रनागाचे देऊळ आहे आणि विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. या शब्दाने तिथे एक फेरी मारली तर दोन्हीकडे त्याला घरचे कुणीतरी भेटेल. वेटोळे घालून बसलेला नाग, वर आलेला डोंगर, गर्भाचा गोळा: तिन्हींत ‘उठलेला उंचवटा’ हीच मूळ कल्पना असावी.

शिवाय अर्बुद ही संख्याही आहे. कुठे एक कोटी, कुठे दहा कोटी, आणि तिचाच वंशज हिंदीतला ‘अरब’ म्हणजे शंभर कोटी. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी असतात, असे कर्करोगशास्त्रातले जुने ढोबळ गणित आहे. एक पेशी तीस वेळा दुप्पट झाली की तो आकडा गाठला. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने युगांडातल्या मुलांच्या जबड्यात पाहिलेला, १९५८ साली वर्णन केलेला लिम्फोमा या बाबतीत सर्वांत घाईचा. त्याच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. मुलांच्या वृषणातही हा प्रकार येतो. तिथे लाजेपायी गेलेला पंधरवडा म्हणजे काय, हे गणित ज्याचे त्याने करावे.

‘लिम्फ’कडे वळू. लॅटिन ‘लिम्फा’ म्हणजे नितळ पाणी. मूळ रूप ‘लुम्पा’ असावे, आणि जलदेवता ‘निम्फ’ हिच्या छायेने त्याचे लेखन बदलले असे म्हणतात. शरीरात रक्ताशेजारून वाहणाऱ्या पाणीदार द्रवाला ते नाव पडले. मराठी पारिभाषिकांनी चरकाकडे धाव घेतली. कुष्ठाच्या प्रकरणात दूषित होणाऱ्या द्रव्यांत त्वचा, मांस, रक्त यांच्याबरोबर चरक ‘लसीका’ मोजतो. त्याचे घरगुती रूप ‘लस’, जखमेतून पाझरणारे चिकट पाणी. लसलशीत हे विशेषणही तिथलेच असावे. आता गंमत पाहा. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल हिला देवीची लस टोचली गेली. फोडातला तो द्रव एका हातावरून दुसऱ्या हातावर नेत. इंग्रज डॉक्टर त्या द्रवालाही ‘लिम्फ’ म्हणत, आणि मराठी माणसाने त्याला बरोबर ‘लस’ म्हटले. म्हणजे लिम्फचे भाषांतर पारिभाषिक समित्या बसण्यापूर्वीच टोचणाऱ्यांनी आणि टोचून घेणाऱ्यांनी करून ठेवले होते. लसीकरण आणि लसिकार्बुद या सख्ख्या बहिणी. एक राखते, दुसरी गिळते.

पण वृषणात लसिकेची गाठ मुळात नसतेच. मग लिम्फोमा तिथे कसा? बहुधा पाहुणा म्हणून, शरीरात इतरत्र पसरलेल्या रोगाबरोबर. क्वचित तिथेच उगवतो. साठी उलटलेल्या पुरुषांत हाच वृषणाचा सर्वांत नेहमीचा कर्करोग, आणि त्यांच्यात तो चिवट. मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यातला एक प्रकार, फॉलिक्युलर, जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात मोजक्याच मुलांमध्ये नोंदला गेला आहे. मोठ्यांच्या फॉलिक्युलर लिम्फोमात नेहमी सापडणारी गुणसूत्रांची अदलाबदल त्यात नसते, आणि गाठ काढून थोडी किमो दिली की तो सहसा परतत नाही. बर्किटसारखे पसरलेले प्रकार भयंकर दिसतात, पण पूर्ण उपचार मिळाले तर प्रगत केंद्रांत अशा दहापैकी नऊच्या आसपास मुले वाचतात.

या जागेला कर्करोगतज्ज्ञ इंग्रजीत जो शब्द वापरतात, त्याचे मराठी ‘अभयारण्य’. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्याला तो समजावून सांगायला नको. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ येते. तिथल्या हरणा-पाखरांना मारणे दंडनीय. वृषणात रक्त आणि बीजपेशी यांच्यामध्ये शरीराने एक कुंपण घातले आहे, बीजाला अभय मिळावे म्हणून. पण कुंपण माणसे ओळखत नाही. औषध बाहेर अडते आणि आत शिरलेल्या रोगपेशीला आयते अभय मिळते. रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलाचा रोग कधी कधी याच जागी पुन्हा डोके काढतो, तो यामुळे. म्हणून पूर्वी किरणांचा मारा करीत. आता कुंपण ओलांडू शकणारी औषधे मोठ्या मात्रेत देता येतात. मुलांच्या पसरलेल्या लिम्फोमात पुष्कळदा वृषण न काढता, किरण न देता भागते. खच्चीकरणाची भीती ज्या आईबापांच्या पोटात गोळा आणते, त्यांना हे कुणीतरी साध्या मराठीत सांगायला हवे. एक काढावे लागले तरी दुसरे काम करीत राहते, हेही.

काढायचे झाले तर छेद जांघेत घेतात, खालच्या पिशवीवर नाही. याचे कारण व्युत्पत्तिशास्त्राच्या माणसाला भारी आवडावे. वृषण मुळात तिथले नाही. गर्भात ते मूत्रपिंडाशेजारी तयार होते आणि मग खाली उतरते. ‘गोळी उतरली नाही’ असे आयाबाया म्हणतात, ते शब्दशः खरे. उतरताना ते आपल्या लसिकेची वाट सोबत घेऊन येते. राहायला खाली, पण लसिका वाहते ती पोटातल्या माहेराकडे. बाहेरच्या पिशवीच्या त्वचेची लसिका मात्र जांघेकडे जाते. चुकीच्या जागी कापले तर दोन वाटा एकमेकींत मिसळतात आणि रोगाला नवा रस्ता सापडतो. शब्दही असेच. ‘खच्ची’ अग्रलेखात राहायला आला, पण त्याची लसिका अजून अरबस्तानाकडे वाहते.

‘किमो’चे माहेरही तिकडचेच. ग्रीकांची ‘खिमेइया’ अरबीत ‘कीमिया’ झाली. एक फाटा युरोपात जाऊन केमिस्ट्री आणि किमोथेरपी झाला, दुसरा फारसीतून मराठीत येऊन ‘किमया’. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा परळच्या टाटात बाकावर बसलेली माणसे ‘पोराले किमो लागली’ म्हणतात, तेव्हा ती नकळत ‘किमया लागली’ असेच म्हणत असतात.

त्या किमयेतली एक बाटली आपल्या अंगणातली आहे. व्हिंक्रिस्टिन हे औषध सदाफुलीतून मिळते; अमेरिकेत १९६३ पासून ते वापरात आहे आणि मुलांच्या लिम्फोमाच्या बहुतेक उपचारांत आजही असते. अंगणातली पाने चघळायचा हा सल्ला नाही. तो चीक विषारी. आपल्याला कुतूहल नावाचे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने सदाफुलीला ‘विंका’ म्हटले. हे लॅटिन नाव ‘विन्किरे’पासून आले असावे, आणि त्याचा अर्थ बांधणे, कारण त्या जातीच्या वेली बांधून हार करीत. म्हणजे रोग ‘ग्रथ्’चा आणि औषध ‘विन्किरे’चे, बांधलेल्याला बांधूनच सोडवायचे. आणि औषध करते तेच. पेशी दुभंगताना जे सूत कातते, त्याच्या कणांना बांधून धरते, सूत वळू देत नाही.

किमयेने केस जातात. पोराचे डोके भादरल्यासारखे होते, आणि ‘भद्र’ पुन्हा दारात येऊन उभे राहते. केस परत येतात. तेवढे तरी ते नाव खरे ठरते.

भद्र शब्दांवर माझा राग नाही. ते दुःखाला झाकतात, म्हणून भाषेत राहतात. पण रोग झाकला की वाढतो, आणि तेव्हा वृषण, मुष्क, वृद्धी यांतले काहीच कामाला येत नाही. कामाला येतो तो ‘गोळी मोठी झाली’ म्हणणारा पोट्टा. भद्रावती हे नाव देवळात शोभते. नागपूरचे तिकीट मात्र भांदकचेच फाडतात.